घरामागचा स्विमिंग पूल, दहा लाखांचं टॉप-अप आणि दुष्काळाचं वर्ष

लातूरहून एका वाचकांनी विचारलंय: "वय ४४. माझं कृषी सेवा केंद्र आहे. घरामागं मोकळी जागा आहे, तिथं २४ बाय १२ फुटांचा स्विमिंग पूल बांधायचाय. कोटेशन १४ लाख ५० हजारांचं आलंय. ९ लाखांच्या एफडीतले ५ लाख काढून आणि होम लोनवर १० लाखांचं टॉप-अप (वाढीव कर्ज) घेऊन दसऱ्याला काम सुरू करावं म्हणतो. महिन्याला सरासरी ९५ हजार सुटतात, घरखर्च ४५ हजार, चालू हप्ता १८,५००. मुलगी दहावीत, पुढं मेडिकलसाठी नीटची परीक्षा द्यायचं म्हणते. मुलगा सात वर्षांचा, त्याला पोहायला शिकवायचंय. टॉप-अपच्या व्याजावर टॅक्स वाचेल असं सांगतात. दुकानाची ११ लाखांची उधारी बाजारात आहे. टँकर ६ हजार लिटरला १,२०० रुपये घेतो, त्या पाण्याच्या पैशाचीही काळजी वाटते. करावं का?"

दादा, यंदा करू नका. कारण सविस्तर सांगतो, कारण तुमची इच्छा मला चुकीची वाटत नाही. मी स्वतः गावाकडच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलो. काकांनी काठावरून ढकललं होतं, ते थंड पाणी अजून अंगावर आहे. आता त्याच विहिरीचा तळ होळीच्या आत दिसतो. आपल्या पोरांनी कुठं शिकायचं, हा तुमचा प्रश्न खरा आहे.

तुम्ही कोटेशनचा फोटो पाठवला ते बरं केलं. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात दोन ओळी आहेत: "जीएसटी वेगळा" आणि "खडक लागल्यास खोदाईचा दर वेगळा". अशा कामाला १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २ लाख ६१ हजार. झाले १७ लाख ११ हजार. आपल्याकडं काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण कधी लागेल सांगता येत नाही. ब्रेकर लावला की तासावर पैसे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ती ओढाताण हौदाच्या भिंतींवर येते. माती काढून मुरूम भरणं या कोटेशनमध्ये कुठंच दिसत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी नाही. १९९३ चा किल्लारीचा भूकंप तुमच्याच जिल्ह्यातला, तेव्हा ती फी वाचवू नका. घरात सात वर्षांचं मूल असताना कुलूप लागेल असं कुंपण हवं, तेही यात नाही. मी १९ लाख धरून चालतो. तुमच्या हिशोबात १५ आहेत.

टॉप-अप ९.५ टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,९४० रुपये. एकूण फेड साडेपंधरा लाखांची. "व्याजावर टॅक्स वाचेल" असं तुम्हाला सांगितलं गेलंय. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जव्याजाची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीतही दुरुस्ती-सुधारणेच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला जास्तीत जास्त ३० हजार. त्या आशेवर कर्ज घेऊ नका.

आता चालवण्याचा खर्च. दीड एचपीचा फिल्टर पंप रोज सहा तास चालला तर महिन्याला २०० युनिट, तेही तुमच्या आताच्या वापरावर चढणार, म्हणजे वरच्या स्लॅबनं. युनिटला १५ रुपये धरले तर ३ हजार. क्लोरीन, पीएचची पावडर, साफसफाईचा माणूस, टाइल्सवर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग. विजेसकट सगळं मिळून महिन्याला ९ हजार धरा. घरखर्च, दोन्ही हप्ते आणि पूल मिळून साडेपंच्याऐंशी हजार. चांगल्या महिन्यात हातात साडेनऊ हजार राहतील, आणि मुलीच्या क्लासची फी अजून त्यात धरलेली नाही.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. पावसानं ताण दिला की तुमच्या दुकानात काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर जातं आणि वसुली पुढच्या सुगीवर ढकलली जाते. तुमचे ११ लाख आजच बाजारात अडकलेत. त्याच वर्षी बोअर आटतो आणि नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. म्हणजे हप्ता भरायला पैसे नाहीत आणि हौदात पाणी नाही, दोन्ही एकाच वर्षी. पुण्यातल्या पगारदार माणसाचं असं होत नाही, त्याचा पगार पावसावर ठरत नाही. तुमचं उत्पन्न आणि हा पूल एकाच ढगाला बांधलेत.

पाण्याच्या पैशाचं तुम्ही उगाच मनावर घेतलंय. हौद ३५ हजार लिटरचा होईल. तुम्ही लिहिलेल्या भावानं, ६ हजार लिटरला १,२०० रुपये, सहा टँकर म्हणजे ७,२०० रुपये. मे महिन्यात रोज २०० ते २५० लिटर वाफ होऊन जाईल, म्हणजे महिन्याला एक टँकर हवेत उडून गेला. वर कव्हर टाकलं तर त्यातलं बरंच वाचतं. प्रश्न टँकर मिळण्याचा आहे. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तशा उन्हाळ्यात शेजारी घागरी घेऊन उभे असताना तुमच्या दारात सहा टँकर रिकामे होणार नाहीत, आणि तुम्हीही ते करणार नाही, हे तुमच्या पत्रावरून कळतं.

म्हणून यंदाच्या पावसाआधी छताचं पाणी अडवा. १,४०० स्क्वेअर फुटांच्या स्लॅबवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ७० हजार लिटर मिळतं. तुमच्या हौदाच्या दुप्पट. पाइप, फिल्टर आणि बोअरशेजारी शोषखड्डा, एवढ्याच खर्चात. पूल होवो न होवो, हे काम वाया जात नाही.

पैशाचं असं करा. एफडीतले ४ लाख घरखर्च आणि चालू हप्त्याच्या सहा महिन्यांसाठी, त्याला हात नाही. उरलेले ५ मुलीच्या नावानं बाजूला. क्लासची फी याच जूनपासून सुरू होईल. आणि जो १२,९४० चा हप्ता बँकेला देणार होतात, तोच दर महिन्याला आरडीत टाका, दोन वर्षं. एखाद्या खरिपात तो चुकला, तर कर्जाचा हप्ताही चुकलाच असता, एवढं तुम्हाला बँकेची नोटीस न येता कळेल. न चुकता भरलात तर व्याजासकट ३ लाख ३० हजारांच्या आसपास जमतील. तेव्हा १५ बाय ९, चार फूट खोल अशा लहान हौदाचा विचार करू. त्यात १५ हजार लिटर पाणी मावतं, आणि पोराला हातपाय मारायला तेवढा पुरतो. कमी पडले तर आणखी एक वर्ष थांबू, कर्ज नको.

मुलाला मात्र थांबवू नका, या उन्हाळ्यातच शहरातल्या तलावाची बॅच लावा, प्रशिक्षक असलेली. एक कळकळीची विनंती: शेतातल्या प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात त्याला उतरवू नका, दोर बांधूनसुद्धा नाही. कागद शेवाळानं निसरडा होतो, उतारावर पाय टिकत नाही, आणि मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही.

कंत्राटदाराला दसऱ्याचं टोकन देऊ नका. त्याऐवजी जागेवर सहा फुटांचा एक चाचणी खड्डा घेऊन इंजिनिअरला दाखवा, आणि काळी माती किती फुटांवर संपते ते मला कळवा.