स्टुटगार्टला निघण्याआधी पाकिटांवरचे शब्द शिकून घे

तू विचारलंस, "ताई, सप्टेंबरात जर्मनीत स्टुटगार्टला शिकायला येतेय. आई वीस किलो किराणा बांधतेय. काय आणू, काय नको?"

गोडा मसाला, हिंग, आमसुलं आणि छोटा कुकर आण. तूप आणि पेढे मात्र आईला आत्ताच बाहेर काढायला सांग. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, सापडले तर काढून घेतात.

बाकी जवळजवळ सगळं इथे मिळतं, पण ते कोणत्या नावाखाली मिळतं हे कळायला मला वर्ष लागलं. मी बी-वन या मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकून आले होते, तरी पाकिटांवरचे शब्द वर्गात कुणी शिकवले नव्हते. पहिल्याच आठवड्यात जिरे समजून 'क्युमेल' घेतलं. दिसायला तसंच, पण फोडणीत टाकल्यावर वरणाला भलताच वास आला आणि त्या दिवशी मी रडले. ते आपल्या शहाजिऱ्यासारखं असतं आणि इथे पावात, कोबीत घालतात. आपलं जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्युमेल'. हा एक शब्द आत्ताच पाठ कर.

दुसरा शब्द 'श्माल्त्स'. तू शाकाहारी आहेस म्हणून मुद्दाम सांगते. नुसतं श्माल्त्स म्हणजे बहुतेक वेळा डुकराची चरबी; 'बुटरश्माल्त्स' म्हणजे तूप. पण तूप घरीच कढव. लोण्याच्या पाकिटावर 'झाउअरराम' लिहिलेलं बघून घे. ते विरजलेल्या सायीचं असतं, म्हणून कढवताना घरच्यासारखाच वास येतो. 'झ्यूसराम' गोड्या सायीचं, त्याला तो वास नाही. लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे २५० ग्रॅमच्या पाकिटातून साधारण २०० ग्रॅम तूप निघतं.

पिठाचे आकडे बघून घाबरू नकोस. ४०५, ५५०, १०५० हे आकडे म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणारी राख, मिलिग्रॅममध्ये. आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदाच, त्याच्या पोळ्या चिवट होतात. सगळा कोंडा ठेवलेल्या 'फोलकॉर्न'ला आकडाच नसतो. मी दोन वाट्या १०५० आणि एक वाटी फोलकॉर्न घेते, कणीक अर्धा तास मुरू देते. उपम्याला 'हार्टवाइत्सनग्रीस', म्हणजे कडक गव्हाचा रवा घे. 'वाइखवाइत्सन', म्हणजे मऊ गहू, लिहिलेला रवा खिरीला बरा, उपम्यात गिचका होतो. भाकरीसाठी 'हिर्झे' घेऊ नकोस, ती ज्वारी नाही. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानातच बघ.

श्रीखंडासाठी 'क्वार्क', म्हणजे दुधाचं मऊ ताजं चीज आहे. डब्यावर ४० टक्के लिहिलेलं घे, पण तो आकडा पाणी वगळून उरलेल्या घन भागातल्या स्निग्धांशाचा असतो. प्रत्यक्षात दहा-अकरा टक्केच. रात्रभर फडक्यात टांगलंस की छान चक्का होतो. साखर घेताना 'गेलीयरत्सुकर' उचलू नकोस, ती जॅमची, तिच्यात जॅम घट्ट करणारं पेक्टिन असतं.

स्टुटगार्टचा लाडका पदार्थ 'माउलताशन'. चौकोनी पिठाच्या घड्यांत पालक भरलेला दिसतो, पण पालकाबरोबर सहसा मांसही असतं. उपवासाच्या दिवसांत देवापासून मांस लपवायला ते केलं, अशी दंतकथा इथे सांगतात. भाज्यांचे माउलताशनही मिळतात, फक्त विचारून घे. सूप, बटाट्याची कोशिंबीर, कोबी यांत 'श्पेक' म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. "मांस नको" एवढंच म्हणालीस तर काही जण श्पेक मोजत नाहीत. "श्पेकही नको" असं वेगळं सांग. दह्यात आणि मिठायांत 'गेलाटीने', म्हणजे जिलेटिन आहे का बघ, तीही प्राण्यांपासूनच बनते.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भर.

घराजवळचं तुर्की दुकान शोधून ठेव. १९६१ च्या जर्मनी-तुर्कस्तान कामगार करारानंतर तुर्की कामगार इथे आले, म्हणून मोठ्या शहरांत ही दुकानं आहेत. कोथिंबिरीची मोठी जुडी, मसूर डाळ, हिरव्या मिरच्या तिथे स्वस्त. जिऱ्याला ते 'किमियॉन' म्हणतात. 'स्युझ्मे', म्हणजे पाणी गाळलेलं दही घेतलंस तर चक्का टांगावाही लागत नाही.

आणि कुकरबरोबर दोन जादा रबरं आण. आपल्या मापाची इथल्या दुकानांत मला कधी मिळाली नाहीत.