चारशे सशांचा देव

प्रश्न : मेक्सिकोतील एकेकाळच्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या मद्यदेवाचे नाव ‘दोन ससा’ असे विचित्र का?

उत्तर : ओमे तोच्त्ली, म्हणजे ‘दोन ससा’, हे मुळात त्यांच्या २६० दिवसांच्या पंचांगातील एका दिवसाचे नाव असून, त्या दिवशी जन्मलेला माणूस दारूच्या आहारी जातो, अशी समजूत होती. घायपाताचा गाभा कोरला की तिथे पाझरणारा गोड रस आंबवून पांढरट, किंचित चिकट ‘पुल्के’ करत. या दारूचे देव चारशे ससे, म्हणजे अगणित; ओमे तोच्त्ली त्यांतलाच एक. कारण वीस विसा त्यांच्या मोजणीत ‘असंख्य’ ठरत. (झिंगण्याच्या तऱ्हाही तितक्याच असाव्यात!) त्यांपैकी सुगीशीही नाते असलेल्या तेपोस्तेकात्लचे देऊळ मेक्सिकोत तेपोस्त्लानजवळच्या कड्यावर आजही उभे आहे.