रात्री साडेनऊला तो खालीच का थांबतो?

प्रश्न : मुलगा बीकॉम होऊन सात महिन्यांपूर्वी खासगी बँकेत लागला. टार्गेट पुरं होत नाही म्हणून नोकरी सोडायची म्हणतो. रात्री साडेनऊला येतो आणि गाडी लावून अर्धा तास खालीच मोबाइल बघत बसतो. त्याला हातभार म्हणून मी आणि त्याच्या मामाने विमा पॉलिसी घेतल्या. दाबल्याशिवाय काम होत नाही. त्याचा आळस कसा घालवावा?
– एक पालक, बार्शी

उत्तर : तो अर्धा तास मला आळसाचा वाटत नाही. शाखेत दिवसभर "किती झाले?" ऐकायचं, आणि जिना चढला की तुम्हीही तेच विचारणार. मधे तेवढी गाडीची सीटच काय ती त्याची. तो जेवतो का, झोपतो का, याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

'दाबल्याशिवाय काम होत नाही' म्हणता? अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने दाबून पाहिलं. एकेका ग्राहकाला बँकेची आठ-आठ उत्पादनं विकायचा तिथे हट्ट होता. कर्मचाऱ्यांनी आकडे भरून दिले, ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडून! २०१६ साली बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला, सुमारे ५,३०० जणांना त्यापायी काढल्याचं उघड झालं. तुमच्या घरातल्या दोन पॉलिसी त्याच जातीच्या. कागदावर मुलाची कामगिरी, खिसा घरच्यांचा.

मी अकरा वर्षं बँकेत काढली. एका शाखेत संध्याकाळी कॅश जुळली नाही की मॅनेजरसकट सगळे बंडलं मोजायला बसायचो. बदली होऊन गेलो तिथे कॅशिअर गुपचूप पदरचे भरायचा. सांगितलं तर चारचौघांत पाणउतारा. पहिल्या शाखेत मी हुशार समजला जायचो. दुसरीत सहा महिन्यांत साधं व्हाउचर पास करताना हात थरथरायचा.

सरकारी बँकेसाठी आयबीपीएसच्या पीओ (अधिकारी) आणि क्लार्क परीक्षा आहेत, पदवी पुरते. पण विमा तिथेही गळ्यात मारावा लागतो, बरं का.

सोडायची तर सोडू द्या. नोटीस पिरियड किती, तेवढं ऑफर लेटरमध्ये बघायला सांगा. पुढच्या ठिकाणी हो म्हणण्याआधी तिथल्या एखाद्याला चहाला गाठून वर्षभरात किती जण सोडून गेले ते विचारावं.

आणि पॉलिसीचे कागद हातात पडून तीस दिवस झाले नसतील, तर किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. गरज नसेल तर रद्द करा. त्याचा आकडा खाली येईल. येऊ द्या.