कोषात सुरवंट पूर्ण विरघळून त्याचं पाणी होतं का?
नाही, पूर्ण नाही विरघळत. स्नायू आणि आतड्याचा बराचसा भाग एन्झाइम्समुळे मोडतो हे खरंय, म्हणून कोष चुकून फुटला की आतून घट्टसर द्रव येतो आणि लोकांना वाटतं सगळंच वितळलं, पण पंखांसारख्या अवयवांच्या पेशींचे छोटे गठ्ठे सुरवंटाच्या अंगात आधीपासूनच असतात आणि तेच या मोडलेल्या मालावर झपाट्याने वाढतात. २०१३ मध्ये जिवंत कोषांचे सीटी स्कॅन काढले होते, त्यात श्वासनलिकांचं जाळं पहिल्याच दिवशी चक्क स्पष्ट दिसलं. मेंदूपण वितळत नाही, त्याची जोडणी बदलते. २००८ च्या प्रयोगात सुरवंट असताना टाळायला शिकवलेला वास मोठेपणीही टाळला गेला, फक्त तो पतंग होता, फुलपाखरू नाही, आणि फार लवकर शिकवलेलं टिकलं नव्हतं.