रबरात बेरियम टायटॅनेट मिसळूनही फिल्म गणिताइतकी का दबत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की, सिलिकॉन रबरात आकारमानाने १० टक्के बेरियम टायटॅनेट या सिरॅमिकची पूड मिसळून केलेल्या, दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रोडांना व्होल्टेज दिल्यावर दबणाऱ्या फिल्मचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत ऊर्जा साठवण्याची सापेक्ष क्षमता) मोजून तो मॅक्सवेल प्रतिबलाच्या, म्हणजे विद्युत क्षेत्रामुळे येणाऱ्या दाबाच्या सूत्रात घातला, शुद्ध रबराचा यंग गुणांक (कडकपणाचे माप) वापरला, तरी फिल्म अपेक्षेपेक्षा कमी दबते. मग चूक सूत्रात की मोजणीत? माझ्या मते मुख्य अडचण तिसरीकडेच आहे: शुद्ध रबराचा गुणांक मिश्रणाला लागू पडत नाही.

शुद्ध सिलिकॉनच्या ५० मायक्रॉन फिल्मला २५०० व्होल्ट दिले, तर स्थिरांक ३ धरून दाब सुमारे ६६ किलोपास्कल येतो आणि गुणांक १ मेगापास्कल असल्यास जाडी साधारण साडेसहा टक्क्यांनी घटते. आता आकारमानातील पुडीचा अंश 'क' माना. स्थिरांक फार मोठा असलेले गोल कण विरळ असतील तर मिश्रणाचा स्थिरांक १ + ३क पटीने वाढतो, पण कण कडक असल्यामुळे कडकपणाही १ + २.५क पटीने वाढतो. म्हणजे १० टक्क्यांना १.३० भागिले १.२५, फायदा अवघा ४ टक्के. त्यात कणांचा एकमेकांवरील परिणाम मोजणारे, १९३८ मधील गुथ आणि गोल्ड यांचे १४.१क² हे पद धरले की कडकपणा १.३९ पट होतो, तर मिश्रणाचा स्थिरांक काढण्याच्या मॅक्सवेल-गार्नेट सूत्राने तो १.३३ पटच राहतो. फायद्याचा तोटा झाला. पूड वाढवली की काम होते, हा समज प्रकल्प-अहवालांत फार बोकाळला आहे.

पुढचा मुद्दा विद्युत क्षेत्राचा. अशा एकाकी कणाच्या क्षेत्रदिशेकडील दोन टोकांशी रबरातील क्षेत्र सरासरीच्या तिप्पट, म्हणून त्याचा वर्ग नऊपट असतो, आणि जवळजवळच्या दोन कणांच्या फटीत तो आणखी चढतो. त्यामुळे क्षेत्राच्या वर्गाची सरासरी आणि सरासरी क्षेत्राचा वर्ग या दोन राशी एक मानता येत नाहीत, आणि सरासरी क्षेत्रावरून काढलेल्या मर्यादेच्या बऱ्याच आधी फिल्म विद्युतदृष्ट्या फुटते. शिवाय फिल्म दबताना कणांची परस्पर मांडणी बदलते, म्हणून स्थिरांकही बदलतो. टूपिन यांनी १९५६ मध्ये लवचिक डायइलेक्ट्रिकसाठी मांडलेल्या चौकटीवर आधारून ऊर्जा विरूपण आणि विद्युत विस्थापन या दोन्हींचे फलन म्हणून लिहिली, तर हे आपोआप हिशेबात येते. प्रयोगात त्यासाठी फिल्म वेगवेगळी ताणून प्रत्येक ताणाला धारिता आणि जाडी मोजावी.

सिम्युलेशनमध्ये एकच कण असलेला घन घेऊ नका. यादृच्छिक मांडणीचे अनेक कण घ्या. रबर जवळजवळ असंपीड्य (आकारमान न बदलणारे) असल्याने विस्थापन आणि दाब दोन्ही अज्ञात धरणारे मिश्र घटक वापरा, नाहीतर मेश, म्हणजे गणितासाठी केलेली जाळी, कृत्रिमरीत्या ताठरते. निओ-हुकियन (रबराच्या लवचिकतेचे साधे प्रारूप पाळणारी) फिल्म बाजूंनी मोकळी असेल तर तिची लांबी-रुंदी मूळच्या १.२६ पट झाल्यावर आणि जाडी ३७ टक्के घटल्यावर व्होल्टेज शिखर गाठते. व्होल्टेज वाढवत गेल्यास तेथे समीकरणे सोडवण्याची न्यूटन पद्धत अडकते. तेव्हा विद्युतभार नियंत्रित ठेवून पुढे जावे.

राहिली मोजणी. आपल्याकडे मे महिन्यात खोली थंड ठेवायला बहुधा डेझर्ट कूलरच असतो, आणि त्याची ओली हवा फिल्मच्या कडांवरून गळती सुरू करते. विद्युतपुरवठ्याला मालिकेत मोठा रोध असेल तर गळतीप्रवाहामुळे फिल्मवरचे व्होल्टेज पडद्यावरच्या आकड्यापेक्षा खाली राहते. चांगल्या फिल्ममध्ये सुरुवातीचा भारण-प्रवाह झटकन उतरून जवळपास शून्यावर येतो. तुमचा काही मायक्रोअँपियरवर टिकून राहत असेल, तर गणित बदलण्याआधी कडेची इलेक्ट्रोड नसलेली रिकामी पट्टी रुंद करा, कूलर बंद ठेवून कोरड्या हवेत तोच नमुना पुन्हा तपासा, आणि त्याच नमुन्याचा यंग गुणांक त्याच तापमानाला मोजा.