वजन उतरायचं थांबलं का?

चि. बायेस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. तुझ्या मातीच्या ६० बरण्यांपैकी ११ पहिल्याच भाजणीत फुटल्या. उरलेल्यांतल्या निम्म्यांची फणसाच्या लाकडाची झाकणं जुलैत अशी अडकली की उपसताना बरणीचा काठ गेला. हॉटेलवाल्यांना माल गणेशचवथीआधी हवा आहे, आणि तू विचारतेस, "काका, लाकूड सोडून नुसती माती धरू का?"

हा प्रश्न मला पटलेला नाही. तुझ्या हाताला सफाई आहे, नजर आहे, ते काही मी लिहीत बसत नाही. पण बरणी फुटली आणि झाकण अडकलं या तू दोन गोष्टी समजतेस, त्या एकच आहेत. दोन्हीकडे आत पाणी होतं आणि तू पुढचं काम हातात घेतलंस. लाकूड सोडून माती धरलीस तरी पाणी तुझ्यामागे येणारच. म्हणून या पत्रात एकच गोष्ट सांगणार आहे, आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: वजन उतरायचं थांबलं का, ते बघ. मग पुढे जा.

आधी माती. भांडं वाळलं का हे पाहायला ते गालाला लावायचं, गार लागलं तर अजून ओलं, असं मीच तुला शिकवलं. जानेवारीत ते खरं असतं. पावसाळ्यात ती खूण फसवते, आणि हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. भांडं गार लागतं ते पाणी उडत असतं म्हणून. हवाच ८८-९० टक्के दमट झाली की पाणी उडायचं थांबतं, भांडं गालाला कोरडं लागतं, पण आत पाणी शिल्लक असतं. भट्टीत १०० अंश ओलांडले की त्याच पाण्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की तळ उडतो. तुझ्या ११ बरण्यांत माझाही वाटा आहे, म्हणून आता नीट लिहितो.

५ किलोपर्यंतचा, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घे. प्रत्येक खेपेतली तीन भांडी निवड: एक सगळ्यांत जाड, एक मधलं, एक पातळ. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिही. ६ मिलिमीटर जाडीच्या भिंतीला उन्हाळ्यात चार-पाच दिवस पुरतात, जुलैत दोन आठवडेही लागतात. पहिले तीन-चार दिवस प्लास्टिकखाली ठेव. काठ आणि तळ एका वेगाने वाळले पाहिजेत. काठ आधी आकसला आणि तळ ओलाच राहिला तर तळाला इंग्रजी एससारखा वळलेला तडा जातो. त्यालाच दुसरं कारण म्हणजे चाकावर तळ पुरेसा दाबलेला नसतो आणि मधलं पाणी स्पंजने टिपलेलं नसतं. तळावरून लाकडी पट्टी मधून बाहेर आणि बाहेरून मध्ये, तीनदा दाबून फिरव. कान जोडायचा तर कान आणि बरणी सारख्याच ओल्या असताना जोड.

पावसाळ्यात वजन थांबलं तरी तेवढ्याने भागत नाही, कारण ते हवेनेच थांबवलेलं असतं. म्हणून भट्टी लावलीस की पहिली रात्र ८० ते ९० अंशांवर, वरचं भोक उघडं ठेवून, निदान आठ तास जाऊ दे. सकाळी भोकासमोर थंड आरसा धर. त्यावर धुकं आलं तर अजून थांब. धुकं नाही आलं तर तासाला ६० अंशांच्या चालीने ६०० पर्यंत ने. मातीच्या घडणीतच बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० या टप्प्यात सुटतं आणि ५७३ अंशांवर गारगोटीचे कण एकदम फुगतात, म्हणून तिथे घाई नको. त्यानंतर चाल वाढव आणि ९५० ते १००० वर थांब. भट्टी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय तिचं झाकण उघडायचं नाही. "फक्त डोकावून बघते" हेसुद्धा नाही.

डिचोलीचे कुंभार पावसात चाक बंद ठेवतात ते आळसाने नव्हे. घुमट या वाद्याचं मातीचं भांडं दोन्ही बाजूंनी उघडं असतं, आत-बाहेर वारा खेळतो, तरी ते मोसम बघतात. तुझी बरणी एका बाजूने बंद आणि तळाशी जाड. तिला तर जास्तच वेळ हवा.

माती नदीकाठच्या शेतातली आणलीस असं लिहिलं आहेस. त्या मातीत शिंपल्यांचे बारीक तुकडे असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, भांडं भट्टीतून सुंदर निघतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी तो चुना हवेतलं पाणी पिऊन फुगतो व वरची खपली उडवतो. खपलीखाली पांढरा ठिपका दिसला तर तेच समज. माती पाण्यात पातळ कालवून ६० नंबरच्या (इंचाला ६० भोकांच्या) जाळीतून गाळ. मग चाचणीचं एक भांडं भाजून ओल्या गोणपाटावर महिनाभर ठेव. खाजनाच्या (खाऱ्या पाण्याकाठी बांध घालून केलेल्या शेताच्या) मातीत मीठही असतं, ते वाळताना वर येऊन पांढरा थर धरतं. अशी माती दोन-तीनदा पाण्यात निवळून वरचं पाणी ओतून टाकावं लागतं.

आता लाकूड. फळी ओली की सुकी हे रंगावरून, वासावरून, ठोकून ओळखता येतं असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ते अनुभवी असतील, पण तू काटा वापर. फळीच्या मधून (टोकाकडून नव्हे, टोक आधी वाळतं) २ सेंटिमीटर जाडीचा तुकडा काप आणि लगेच वजन कर. मग १०० ते १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेव. २५० ग्रॅमचा तुकडा २०० वर थांबला तर ५० ग्रॅम पाणी गेलं, आणि ५० भागिले २०० म्हणजे ओलावा २५ टक्के. हे लक्षात ठेव, भागायचं कोरड्या वजनाने. गोव्यात घरात ठेवलेलं लाकूड हिवाळ्यात ११ ते १३ टक्क्यांवर येतं, जुलैत १८ ते २० वर जातं. पर्यटकाने तीच बरणी दिल्लीच्या एसी खोलीत नेली की आठ-नऊवर उतरतं. तुझं झाकण या तिन्ही ठिकाणी चाललं पाहिजे.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवं वाढतं. आणि वर्षवलयांच्या दिशेने जेवढं वाढतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने वाढतं. म्हणून मे महिन्यात लेथवर अगदी गोल कातलेलं झाकण जुलैत गोल राहत नाही, लंबगोल होतं. ९० मिलिमीटरचं झाकण १२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेलं की सागवानात मिलिमीटरभर फुगतं, फणस-आंब्यातही निदान तेवढं धर. तू बरणीच्या तोंडात अर्धा मिलिमीटर जागा सोडली होतीस. काठ फुटला यात नवल काही नाही.

तर करायचं असं. आधी बरणी, मग झाकण. बरणी भाजून हाती आल्यावरच तोंडाचं माप घे, कारण मातीही आकसते. किती आकसते हे पाहायला ओल्या मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढ आणि वाळल्यावर, भाजल्यावर पुन्हा मोज. झाकणाचा वरचा भाग काठावर टेकू दे, आत जाणारा भाग चहूबाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर सैल ठेव आणि हवा अडवायची असेल तर त्याला खाच पाडून सिलिकॉनची रिंग बसव. जुन्या घरांच्या दारांत फळी चौकटीच्या खाचेत मोकळी असते, खिळा किंवा सरस नसतो, तेच हे. लाकडाला हलू द्यायचं.

फणस ओला असतानाच कातायचा असेल तर दोनदा कात. पहिल्यांदा जाडसर, म्हणजे भांड्याच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी भिंत ठेवून: २० सेंटिमीटरच्या वाडग्याला २ सेंटिमीटर. मग त्याच्याच ढलप्यांत, कागदी पिशवीत ठेव. दर आठवड्याला वजन कर आणि पेन्सिलीने बुडावर तारखेसह लिही. सलग तीन आठवडे तेच वजन आलं की शेवटचं कातकाम. फळ्यांचा ढीग लावशील तेव्हा दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर, एकीवर एक सरळ रेषेत दे. टोकांना जाड रंग किंवा मेण लाव, नाहीतर टोकं आधी वाळून चिरतात. सावलीत वाऱ्याला फळीला इंचामागे वर्ष धरतात. हे वर्ष तुला नकोसं वाटतं ते मला कळतं. पण घाईने तापवलेल्या लाकडाची वरची कातडी आधी घट्ट होते, आतलं मग आकसायला लागतं आणि पोटात भेगा पडतात. त्या दिसतात तेव्हा निम्मी मजुरी होऊन गेलेली असते. सालीलगतचं पांढरं लाकूड काढूनच टाक, भुंगा तिथूनच शिरतो.

वाळलेल्या फळीला शेवटचा हात द्यायला एक पेटी कर. प्लायचं कपाट, तळाशी जुन्या पद्धतीचे ६० वॉटचे दोन दिवे, खाली चार आणि वर चार भोकं, आत हवेचा दमटपणा दाखवणारं लहान यंत्र. बाहेर २८ अंश आणि ८८ टक्के दमटपणा असेल तेव्हा तीच हवा ३५ अंशांवर नेली की दमटपणा ६० टक्क्यांच्या आसपास येतो. लाकडाला तेवढंच हवं. ४० च्या वर नेऊ नकोस. याच पेटीत बरण्याही भट्टीआधी दोन दिवस ठेव.

पॉलिशने पाणी थांबतं असं तुला दुकानात सांगितलं आहे. थांबत नाही, फक्त त्याचा वेग कमी होतो. म्हणून झाकणाच्या वर जेवढे हात, तेवढेच खाली, नाहीतर ते वाटीसारखं वळतं. लाखेचं पॉलिश दमट दिवशी पांढुरकं पडतं, ते पावसात लावूच नकोस. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचं लाखकाम पाहिलं आहेस ना? ओल्या लाकडावर लाख चढवली तर लाकूड आकसल्यावर ती तडकते, रंग कितीही चांगला असो. खोबरेल कधी वाळत नाही, वास धरतं. जवसाचं तेल वापर, आणि त्याची फडकी चुरगळून टाकू नकोस, ती आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळव.

बरणीत आमसुलं, लोणचं किंवा माडाचं व्हिनेगर जाणार असेल तर दोन गोष्टींवर मी तडजोड करणार नाही. ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, शिसं नको, कारण आंबट पदार्थ ते बाहेर ओढतो. विकत घेतलेल्या ग्लेझवर खात्रीचं लेबल नसेल तर भाजलेला नमुना प्रयोगशाळेत तपासून घे. आणि भांडं पाणी किती पितं ते मोज: भाजलेला, ग्लेझ नसलेला कोरडा तुकडा वजन कर, दोन तास उकळ, रात्रभर त्याच पाण्यात ठेव, पुसून पुन्हा वजन कर. वाढ तीन टक्क्यांच्या वर असेल तर ती बरणी लोणच्याची नव्हे. अशा सच्छिद्र भांड्यावरचं ग्लेझ सहा महिन्यांनी जाळीसारखं तडकतं, कारण भांडंच हळूहळू हवेतलं पाणी पिऊन फुगतं. पुन्हा पाणीच, बाय.

जून ते सप्टेंबर मी एकही झाकण बसवून देत नाही, याला लोक हेका म्हणतात. दुकानदार म्हणतात, पर्यटकाला काय कळतं, तो चार दिवसांनी जातो. तो जातो, पण बरणी त्याच्या घरी राहते आणि तिच्या बुडावर आपली खूण असते. या हेक्यापायी ऑर्डरी गेल्या, त्यांचं मला वाईट वाटत नाही. काटा उशिरा हातात घेतला आणि तोवर मुलांना नुसता गालाचा हिशेब शिकवला, त्याचं वाटतं. माझं ऐकून तू हा मोसम गमावलास तर तुझ्या घरचे मला बोल लावतील, लावू देत.

हॉटेलवाल्यांना आजच लिही: चवथीला ३० बरण्या, झाकणांशिवाय, तोंडाला जाड सुती कापड आणि दोरी. झाकणं दिवाळीनंतर, त्याच बरण्यांच्या मापाने. नाही म्हणाले तर ऑर्डर सोड. पुढच्या वर्षीच्या चवथीचा माल मेअखेर भाजून झालेला हवा, म्हणजे फळ्या येत्या डिसेंबरात रचायला हव्यात, आणि त्या निदान वर्षभर आधीच कापून वाळत पडलेल्या असाव्यात. घेताना विक्रेत्याच्या सांगण्यावर जाऊ नकोस, तुकडा कापून काट्यावर ठेव.

रविवारी येशील तेव्हा काठ गेलेल्या बरण्या आणू नकोस, त्यांचं कारण कळलं. ग्लेझच्या भाजणीनंतर तडकलेल्या ज्या दोन आहेत त्यांचे तुकडे आण. तड्याची कड ग्लेझने गुळगुळीत झाली असेल तर तडा आधीच, वाळताना किंवा पहिल्या भाजणीत गेलेला. कड धारदार असेल तर तू भट्टी लवकर उघडलीस. आणि वही आण, वजनं लिहिली असशील तर.

तुझा,
काका