पहिला फोन घरी नको

परदेशात शिकायला गेलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी एकाच जागी येऊन थांबतं. "रात्री-अपरात्री काही झालं तर तिथं तिचं कोण आहे?" ही काळजी खरी आहे आणि मी ती कधी उडवून लावत नाही. पण त्या प्रश्नाच्या आत आणखी एक प्रश्न असतो, तो बहुतेक घरांत कुणी विचारलेलाच नसतो. सुनीताताई आणि मुक्ता यांची हकीकत त्यासाठीच सांगते. दोघींच्या परवानगीने लिहिते आहे; नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुनीताताई वाळवा तालुक्यातल्या. मुक्ता घरातली थोरली. इंजिनिअरिंग झाल्यावर जर्मनीत केम्निट्झला एमएस करायला गेली. माझ्याकडे आल्या तेव्हा ताईंचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, पोरगी आता काहीच सांगंना झालीय. बरी हाय, बरी हाय, एवढंच म्हणते. मला झोप लागंना."

त्याआधी काय घडलं होतं ते हळूहळू बाहेर आलं. मुक्ताला जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. ऑक्टोबरचे दिवस. तिथं रात्रीचे साडेनऊ, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा एक. बेंबीभोवती दुखायला लागलं म्हणून तिने आईला फोन केला. आईने सांगितलं, ओवा आणि काळं मीठ चाव, बेंबीला हिंग लाव, पोट शेक. मग साताऱ्याच्या मामांना उठवलं, मामांनी ओळखीच्या कंपाउंडरला विचारलं, त्याने एक गोळी सांगितली. ती मुक्ताच्या पिशवीत होतीच. दुखणं बेंबीकडून उजवीकडे खाली सरकलं, उलट्या झाल्या, अंग तापलं. रात्रभर मायलेकी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत राहिल्या. सकाळी फ्लॅटमधल्या दुसऱ्या मुलीने तिला स्वच्छतागृहाबाहेर भिंतीला टेकून बसलेली पाहिलं आणि 112 ला फोन लावला. अ‍ॅपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, जरा जास्त दिवस दवाखान्यात राहावं लागलं, पोरगी वाचली.

ताई हे सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मीच तिला ओवा खा म्हणून सांगितलं," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी त्यांना म्हटलं, ताई, तुमच्या हातात जे होतं ते तुम्ही दिलंत. सात हजार किलोमीटरवरून पोटाला हात लावून बघता येत नाही, डॉक्टरलासुद्धा येत नाही. त्या रात्री तुम्ही चुकलात का, यावर आपण बोलू, पण मला आधी एक सांगा. मुक्ताने पहिला फोन कुणाला केला?

"मला."

"आणि भिंतीपलीकडे कोण होतं?"

"दोन पोरी. एक तिथलीच, एक केरळची."

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मला त्यांना दोष द्यायचा नव्हता. आपण मुलांना असंच वाढवतो. काही झालं की आधी घरी सांग, बाहेर बोभाटा नको, कुणाला त्रास देऊ नको. गावात हे चालतं, कारण घर पाच मिनिटांवर असतं आणि हाक मारली की चार माणसं धावतात. परदेशात घर फक्त फोनमध्ये असतं. तिथं जीव वाचवणारं माणूस दारापलीकडचं अनोळखी माणूस असतं, नाहीतर 112 वर बोलणारा. त्याच्यापर्यंत पोहोचायला उशीर झाला, की घरच्या प्रेमाने तो भरून निघत नाही. त्या रात्रीचे नऊ-दहा तास अशा फोनवर गेले, ज्याच्या दुसऱ्या टोकाला काही करू शकेल असं कुणीच नव्हतं.

मग मुक्ताशी ऑनलाइन बोलायला सुरुवात केली. शांत, हुशार मुलगी. तिला मी विचारलं, शेजारच्या खोलीचं दार का वाजवलं नाहीस? तिने दिलेली उत्तरं मी अशा अनेक मुलांकडून ऐकली आहेत. ओळख नवी, रात्रीची वेळ, बरं दिसत नाही. जर्मन नीट येत नाही, फोनवर काय बोलू? आणि सगळ्यात मोठं कारण, "मॅम, अमेरिकेतला माझा चुलतभाऊ म्हणाला होता, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली की हजारो डॉलरचं बिल येतं. बाबांनी आधीच कर्ज काढलंय." त्याखाली आणखी एक भीती होती, की आजारी पडलो असं कळलं तर व्हिसाला अडचण येईल.

यातली प्रत्येक भीती माहितीने कमी होते, म्हणून मी इथे थोडं थांबते. अमेरिकेत अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल खरंच जड जाऊ शकतं, ते तिथल्या विम्यावर ठरतं. पण एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लागू होत नाही. जर्मनीत विद्यापीठात प्रवेश घेतानाच आरोग्य विमा सक्तीचा असतो. मुक्ताचा विमा तिथल्या सार्वजनिक विमा व्यवस्थेतला होता. त्यात वैद्यकीय गरजेपोटी अ‍ॅम्ब्युलन्स लागली तर रुग्णाला स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त 10 युरो द्यावे लागतात आणि दवाखान्यात दिवसाला 10 युरो, तेही वर्षाला जास्तीत जास्त 28 दिवसांपुरते. आणि ऑपरेशन झालं म्हणून कुणी व्हिसा काढून घेत नाही. म्हणजे मुक्ता रात्रभर ज्या बिलाला घाबरत होती, ते दहा युरोचं होतं. हे ऐकून ती रडली. मीही काही बोलले नाही.

दवाखान्याबद्दलही तिच्या डोक्यात गोंधळ होता. 112 म्हणजे जीवाशी गाठ असेल तेव्हाचा अ‍ॅम्ब्युलन्स आणि अग्निशमनाचा नंबर, 110 पोलिसांचा. त्याशिवाय जर्मनीत 116117 हा वेगळा नंबर आहे. दुखणं सकाळपर्यंत थांबण्यासारखं नाही, पण जीवावरचंही नाही, अशा वेळी रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर कुठे मिळेल ते तिथून कळतं. "हे एवढ्यासाठी 112 ला फोन करू का?" या संकोचात जी मुलं अडकतात, त्यांना हा दुसरा नंबर माहीत असला की पुष्कळ मोकळं वाटतं. 112 सगळ्या युरोपीय संघात चालतो. ब्रिटनमध्ये 999, अमेरिका-कॅनडात 911, ऑस्ट्रेलियात 000. सिंगापूरला पोलिसांसाठी 999 पण अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 995, दुबईत अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 998. जायच्या आधी हे पाठ हवेत. आणि एक साधी गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवरून हे नंबर लागत नाहीत. पहिले काही आठवडे वायफायवर काढू, सिम नंतर घेऊ, असं म्हणणाऱ्या मुलांना मी स्पष्ट सांगते की आधी सिम. जर्मनीत तर चालू सिम नसेल तर 112 लागतच नाही.

माहिती असली तरी घाबरलेल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून आम्ही तालीम केली. मी फोन उचलणारी, मुक्ता फोन करणारी, इंग्रजी आणि मोडक्या जर्मनमध्ये. पहिल्यांदा ती "हॅलो, माझं पोट दुखतंय, मी इंडियन स्टुडंट आहे" असं म्हणाली. मी तिला थांबवलं. फोन कधीही तुटू शकतो, म्हणून आधी पत्ता. कुठे आहात, काय झालं, किती जण, काय त्रास, आणि मग समोरचा ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. जर्मनीत शाळेतल्या मुलांना हेच शिकवतात. पत्त्यावर ती अडखळायची. मग तिने कागदावर देवनागरीत लिहून घेतलं, राइशेनहाइनर श्ट्रासं, पुढे घराचा आकडा आणि मजला, आणि तो कागद दाराच्या आतल्या बाजूला लावला. त्याच सत्रात लक्षात आलं की खाली इमारतीच्या बेलवर अजून आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. तिथं फ्लॅटला सहसा क्रमांक नसतो, बेलवरच्या नावावरूनच माणूस सापडतो. अ‍ॅम्ब्युलन्स आली असती आणि खाली तिचं नावच नसतं. दुसऱ्या दिवशी तिने नावाची पट्टी लावून मला फोटो पाठवला.

मुक्तापेक्षा अवघड तालीम ताईंची होती. मी मुक्ता झाले आणि म्हटलं, "आई, खूप दुखतंय गं." ताईंनी लगेच विचारायला सुरुवात केली, कुठं दुखतंय, काय खाल्लंस, उलटी झाली का. मी म्हटलं, ताई, तुम्हाला एवढंच म्हणायचंय, "फोन ठेव, आधी 112 लाव, मग शेजारच्या पोरीला उठव, मी जागी आहे." त्यांना ते वाक्य पुरं करता येईना. "पोटची पोर कळवळतेय आणि मी फोन ठेव म्हणू?" त्या अक्षरशः चिडल्या माझ्यावर. त्या चिडल्या ते मला बरं वाटलं, कारण अडचण नेमकी तिथेच होती. आईला वाटतं फोन चालू आहे तोवर लेक माझ्या हातात आहे. फोन ठेवणं म्हणजे हात सोडणं. त्या दिवशी आम्ही बाकी काही केलं नाही. शेवटी त्यांनी ते वाक्य म्हटलं, डोळ्यांत पाणी आणून, पण म्हटलं.

आता मुक्ता काही सांगत का नव्हती? ऑपरेशननंतर तिने जरा कुठे दुखतंय म्हटलं, की घरून एकच उत्तर यायचं, "राहू दे ते शिक्षण, परत ये." वडील युक्रेनमधल्या मुलांचं उदाहरण द्यायचे. म्हणून तिने बोलणं बंद केलं. सुरक्षेच्या दृष्टीने हे मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. वाईट बातमी सांगितली की शिक्षा होते असं मुलांना वाटलं, की पुढची वाईट बातमी घरापर्यंत येतच नाही. तिघांना एकत्र बसवून एक करार केला. मुक्ताने आजार, पैशाची अडचण, कुणाचा त्रास काहीही सांगितलं, तर त्याच दिवशी परत ये हा विषय काढायचा नाही. आणि मुक्ताने मोठी गोष्ट चोवीस तासांहून जास्त लपवायची नाही.

वडिलांच्या युक्रेनच्या भीतीचं उत्तरही द्यायला हवं होतं. 2022 मध्ये युद्ध सुरू होण्याआधी, 15 फेब्रुवारीलाच, कीवमधल्या भारतीय दूतावासाने ज्यांचं राहणं गरजेचं नाही त्यांनी तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा अशी सूचना काढली होती. नंतर ऑपरेशन गंगामधून हजारो विद्यार्थी परत आले. म्हणून मी म्हणते, दूतावासाच्या सूचना वाचायची सवय हवी आणि पोहोचल्यावर तिथं नावनोंदणी करावी. जर्मनीत बर्लिनला दूतावास आहे, हॅम्बुर्ग, फ्रँकफर्ट आणि म्युनिकला वाणिज्य दूतावास. पासपोर्ट हरवला तर पोलिसांत तक्रार करून तिथं जायचं. तातडीने भारतात यायचं असेल तर ते त्यापुरतं प्रमाणपत्र देतात. कुठल्याही परदेशी नागरिकाला अटक झाली, तर आपल्या दूतावासाला कळवा असं सांगण्याचा त्याला हक्क आहे. 1963 च्या व्हिएन्ना करारात तो लिहिलेला आहे. उलट, दूतावासातून बोलतोय, तुमच्या कागदपत्रांत चूक आहे, पैसे भरा, फोन ठेवू नका, असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा आणि सरळ ठेवून द्यावा. तो नंबर खरा दिसला तरीसुद्धा.

मुक्ताच्या मनावरची जखम पोटावरच्या टाक्यांपेक्षा उशिरा भरत होती. रात्री जरा पोटात गुरगुरलं तरी छाती धडधडायची. तिला मी तिथल्या विद्यार्थी सेवा संस्थेच्या मोफत समुपदेशनाकडे जायला सांगितलं. इथून मी होतेच, पण तिच्या गावात, तिच्या समोर बसणारं माणूस हवं होतं. ती आधी कचरली, मग गेली.

फेब्रुवारीत, ऐन परीक्षेच्या दिवसांत तिला रात्री ताप भरला आणि उलट्या सुरू झाल्या. तिने 116117 ला फोन केला, केरळच्या मैत्रिणीला उठवलं, दोघी रात्रीच्या दवाखान्यात जाऊन आल्या. पोटाचा संसर्ग होता. सकाळी डॉक्टरांचा दाखला घेऊन तिने परीक्षा कार्यालयात दिला, आणि त्यानंतर आईला फोन केला. ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज खुशीचा नव्हता. "मला सगळ्यांत शेवटी कळलं," त्या म्हणाल्या. ते वाईट वाटणंही खरं आहे, त्यावर आम्ही अजून बोलतो आहोत.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती पुष्कळ पालकांना माहीत नसते. मुलाचा फोन आला आणि त्याला स्वतः नंबर लावता येत नसेल, तर तुम्ही इथून 112 लावून उपयोग नाही. तो फोन आपल्याच राज्यातल्या नियंत्रण कक्षात लागतो. म्हणून फ्लॅटमधल्या एका तरी मुलीचा, घरमालकाचा आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचा नंबर देशाच्या कोडसकट तुमच्याकडे हवा, आणि मुलांचा पूर्ण पत्ता रोमन लिपीत, स्पेलिंग तपासून. सुनीताताईंनी तो रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलाय. केरळच्या मुलीच्या आईचा नंबरही त्यांनी मागून घेतला आहे. दोघी एकमेकींना हिंदीत मेसेज करतात.